चौथीच्या पोरांना निरोप कसा द्यायचा

आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे चौथीचा वर्ग ज्या बाईकडे असतो तिला दर उन्हाळ्यात हे एकदा भोगावंच लागतं. नवीन लागलेल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे निरोप 1 मेला ठेवूच नका. त्या दिवशी झेंडावंदन, मग निकाल, पालक उन्हात ताटकळलेले, कुणाची गाडी बाहेर थांबलेली, अशात पोरांना धड रडताही येत नाही आणि हसताही येत नाही. पेपर संपले की लगेच दुसऱ्या दिवशी घ्या, सकाळची शाळा असते, डोक्याला ताप नसतो.

भाषणं नकोत! त्यापेक्षा भिंतीवरचे तक्ते, पताका पोरांनाच उतरवायला लावा, हात कामाला लागले की तोंड आपोआप सुटतं. मागच्या वर्षी एकजण म्हणाला, "बाई, हा तक्ता मी केलेला, सात सक चव्वेचाळीस लिहिलंय बघा." वर्षभर ते भिंतीवर होतं आणि माझं लक्षच नाही, अख्खा वर्ग लोळून हसला आणि हसता हसताच एक पोरगी हुंदके द्यायला लागली. अशा वेळी गप्प करू नका. "रडतेस काय, सुट्टी लागली की" हे मीपण दोन वर्षं म्हणून बघितलंय, त्याने रडू थांबत नाही, पोरं पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडतात एवढंच.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं असतील तर वेगळा विचार करा. दिवाळीच्या आगेमागे आईबापाबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, म्हणजे बाकीच्यांचं वर्ष संपत असतं तेव्हा यांचं कुठं सुरू होतं. निरोपाला ती कोपऱ्यात उभी राहतात. म्हणून वर्गाचा फोटो जून-जुलैतच काढून ठेवा, सगळे असतात तेव्हा, आणि त्या दिवशी तोच वाटा. सरबताचं कामही त्यांच्याकडेच द्या, मग सगळे त्यांच्याभोवतीच गोळा होतात.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख जनरल रजिस्टरशी दोनदा ताडून बघा. एकदा माझ्याकडून आईचं नाव चुकलं, त्या माउलीला नव्या शाळेतून दोन खेटे पडले आणि निरोपाचा सगळा गोडवा तिथेच संपला.

आणि आपलं काय? खरं सांगू का, रडू येतं तसं हायसंही वाटतं, त्याची लाज बाळगू नका. ज्या एका दंगेखोराने वर्षभर जीव नकोसा केला तो जाणार म्हणून तर मी चक्क दिवस मोजत होते, आणि तोच शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर परत आला, दप्तरातून दोन कैऱ्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि पळाला. कैऱ्या घ्यायच्या. कुणाच्या झाडाच्या ते विचारायचं नाही.