पहिल्या महायुद्धाचं मेडल कसं वाचायचं? राजा सोडा, कड बघा

म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल मेडल दिसलं की बहुतेकजण तेव्हाचा ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज याचा चेहरा बघतात, फोटो मारतात आणि पुढे. अहो तो चेहरा लाखो मेडल्सवर तोच आहे! खरी गोष्ट कडेवर कोरलेली असते, नंबर, हुद्दा, नाव, पलटण. काचेतून कड दिसत नाही म्हणून तिथल्या माणसाला रजिस्टरमधली नोंद नाहीतर कडेचा फोटो मागा.

मग रिबन. मधे केशरी आणि दोन्ही बाजूंना पांढरा, काळा, निळा पट्टा म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. इंद्रधनुष्यासारखी असेल तर व्हिक्टरी मेडल, आणि हे वॉर मेडलशिवाय कधीच एकटं मिळायचं नाही, एकटं दिसलं तर जोडीदार हरवलाय किंवा विकलाय. वॉर मेडलच ब्राँझचं असेल तर माणूस बहुतेक लेबर कोअरचा, म्हणजे सैन्यातल्या मजुरांच्या तुकडीचा, लढणाऱ्यांना चांदीचं.

सगळ्यात कामाचा मात्र १९१४-१५ चा स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल, त्यावर माणसाचं नाव कडेवर नाही, पाठीवर असतं. तो असेल तर माणूस १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचला होता हे नक्की. आता पलटण जोडा: १०३, ११० किंवा ११७ मराठा असेल तर या तिन्ही सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या, म्हणजे तो मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात असायची बरीच शक्यता, जो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. मेडलवर मेसोपोटेमिया शोधत बसू नका, रिबनवर मोहिमेच्या नावाच्या धातूच्या पट्ट्या (क्लास्प) द्यायचा विचार होता पण खर्च परवडेना म्हणून सैन्याला त्या मिळाल्याच नाहीत. (माझ्या मते ही कंजुषी अजून नडते.) आणि हे नंबर आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीत सापडणार नाहीत, १९२२ ला बदलले, ११० ची पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली वगैरे.

घरच्या ट्रंकेत असलं मेडल असेल तर प्लीज चिंच, पावडर, पॉलिश काही लावू नका, घासून घासून आधी अक्षरंच जातात. कोरड्या सुती कापडाने धूळ पुसा, बास.

शेवटी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं, पण तिथे फक्त मेलेले सापडतात, जिवंत परतलेला नाही. नावाच्या स्पेलिंगवर विसंबू नका, जाधव, भोसलेचं तेव्हाच्या कारकुनांनी काय केलं असेल सांगता येत नाही. नंबर आणि पलटण टाका.