अंगावरून वारं गेलं? अर्धांगवायूबद्दल बोलताना या चुका टाळा

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्याकडे आजही सर्रास म्हणतात. ते वारं खिडकीतून आलं असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मग कान बांधा, दारं लावा, गरम तेलाने हात चोळा, असं सुरू होतं आणि लाखमोलाचे तास हातचे जातात.

आयुर्वेदातला वायू म्हणजे हवेचा झोत नव्हे. संस्कृत ‘वा’ या धातूत गतीचा अर्थ आहे. शरीरात हालचाल घडवतो तो वात, आणि तो बिघडून अर्धं अंग लुळं पडतं तो अर्धांगवायू. आजचं वैद्यक बहुतेक वेळा कारण मेंदूत शोधतं: रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. हातापायात दोष नसतो, त्यांना मेंदूचा हुकूम पोचत नाही. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवी बाजू जाते. मग हात चोळून काय होणार?

‘पक्षाघात’मधला पक्ष म्हणजे शरीराची बाजू. ‘पक्षघात’ असं लिहिलेलं दिसतं, पण रूढ शब्द पक्ष आणि आघात मिळून झालेला आहे.

‘लकवा’ अरबीतून आला. मुळात तो फक्त वाकड्या झालेल्या तोंडासाठी. युनानी हकीम अर्ध्या अंगाच्या आजाराला वेगळं, ‘फालिज’ म्हणतात; आयुर्वेदातही तोंडाच्या विकाराला ‘अर्दित’ हे निराळं नाव आहे. मराठीत मात्र लकवा कशालाही चालतो, अगदी सरकारच्या ‘धोरणलकव्या’लाही. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं ‘लकवा मारला’ सांगू नका. तोंड, हात, पाय, बोलणं, यांपैकी काय गेलं आणि कोणत्या बाजूचं, ते सांगा.

फक्त तोंड वाकडं झालं असेल तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार असू शकतो. त्यात बहुधा त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही आणि अनेकजण काही आठवड्यांत सुधारतात. पण हा निवाडा घरी करू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देता येतं. लगेच १०८ ला फोन करा आणि तोंडात पाणी, औषध काहीही घालू नका. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.