तीन फुटांच्या स्टेजला 36 फुटांचा उतार

आमच्या नृत्यमहोत्सवाच्या पहिल्या वर्षी व्हीलचेअरवरून नाचणारी एक मुलगी आली होती. ठाण्यातलंच एक सभागृह होतं. प्रेक्षागृहापर्यंत उतार होता, म्हणून आम्ही निर्धास्त. रंगमंचावर चढायला मात्र पाच अरुंद पायऱ्या. ऐनवेळी चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. नाच सुंदर झाला, टाळ्याही पडल्या. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मला उचलू नका. माझी मी येईन."

तुम्ही असा सगळ्यांना सामावून घेणारा महोत्सव पहिल्यांदाच करत असाल, तर कलाकार घरून निघून मंचापर्यंत कसा पोचणार, हे आधी बघा. कार्यक्रमपत्रिका नंतर होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही एका शाळेचं मैदान घेतलं. मंडपवाल्याने नेहमीसारखं तीन फुटांचं स्टेज धरलं होतं. उताराचं विचारलं तर म्हणाला, "दहा फुटांची फळी टाकून देतो की, मॅडम!" पण उतार 1:12 लागतो, म्हणजे एक फूट उंचीला 12 फूट लांबी. तीन फुटांना 36 फूट झाले. एवढी जागा होती कुठे? आणि दहा फुटांच्या फळीवरून खुर्ची स्वतःच्या हाताने चढवणं अशक्य. मागून कुणीतरी ढकलावंच लागणार.

तेव्हा आम्हाला वारली आदिवासींचा तारपा नाच आठवला. मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, भोवती एकमेकांना धरून फिरणारी माणसं. त्याला स्टेज लागत नाही. पालघर 2014 मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तिथले वारली पाडे ठाणे जिल्ह्यातलेच. आम्ही स्टेज रद्द केलं, मैदानावर लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड बसवलं आणि प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी बसवलं. प्लायच्या सांध्यांवर पट्टी नीट चिकटवून घ्या आणि कडा तासून घ्या, नाहीतर पुढचं लहान चाक तिथेच अडकतं.

या लाकडी जमिनीचा खरा फायदा पुढे कळला. कर्णबधिर मुलांचा एक गट होता. ढोलही त्याच प्लायवर ठेवला. मुलं अनवाणी उभी राहिली, पहिला ठोका पडला आणि सगळ्यांच्या नजरा आधी पायांकडे गेल्या. मग एकमेकांकडे बघून ती हसली. समोर त्यांच्या बाई बोटांनी मात्रा दाखवत होत्या, पण ठेका मुलांनी तळव्यातूनच पकडला होता. तो क्षण बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सांकेतिक भाषेच्या दुभाषीला कधीही अंधारात उभं करू नका. वातावरणनिर्मितीसाठी दिवे मंद केले की त्यांचे हात दिसेनासे होतात आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी निवेदन तिथेच थांबतं. त्यांच्यावर एक वेगळा दिवा कायम ठेवा. लुकलुकणारे दिवे आम्ही बंदच केले. अपस्माराच्या काही रुग्णांना त्यांनी झटका येऊ शकतो. स्वमग्न मुलांसाठी स्पीकरपासून लांबचा एक वर्ग मोकळा ठेवला. तिथे फक्त सतरंजी आणि पाणी.

नावनोंदणीच्या अर्जात आम्ही आधी 'अपंगत्वाचा प्रकार' असा रकाना ठेवला होता. तो काढून 'तुम्हाला काय लागेल?' असं विचारलं. मग एका आजींनी मध्येमध्ये बसायला खुर्ची मागितली, एका तृतीयपंथी कलाकाराने कपडे बदलायला कडी असलेली स्वतंत्र खोली मागितली. जुन्या रकान्यात हे कुठे लिहिणार होते?

परवानग्यांसाठी पालिका, पोलीस, अग्निशमन दल यांच्याकडे लवकर जा. लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद करावा लागतो, आणि रुग्णालयाच्या 100 मीटरच्या आतलं मैदान शांतता क्षेत्रात येतं. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवणार असाल, तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा.

वेळेचा विचार लोकलच्या हिशेबाने करा. संध्याकाळच्या गर्दीत दिव्यांगांच्या डब्यातही शिरता येत नाही, म्हणून आम्ही रविवार दुपार निवडली. आणि नेमका मेगाब्लॉक लागला! वाशी-नेरूळकडून येणारे दोन गट अडकले. आता आम्ही त्यांच्यासाठी गाडीचे पैसे खर्चात आधीच धरतो.

तिसऱ्या वर्षी महोत्सवाच्या आठवडाभर आधी मी पहिल्या वर्षीच्या त्या व्हीलचेअरवरच्या मुलीलाच मैदानावर बोलावलं. फाटकापासून ती एकटी सगळीकडे फिरली, मी फक्त मागून चालत होते. स्वच्छतागृहापाशी ती थांबली. दार आत उघडत होतं. खुर्ची आत गेली की ते लावताच येत नव्हतं. आम्ही तिघं तिथे अनेकदा जाऊन आलो होतो, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. शाळेच्या शिपायाने सुताराला बोलावलं, त्याने बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं बसवलं. तासाभराचं काम होतं.