एसओपीत नसलेलं 'का': कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

डिप्लोमा किंवा डिग्री करून ट्रेनी म्हणून लागलात की पहिल्याच आठवड्यात हातात एसओपीची, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी पद्धतींची, फाइल येते. ती नीट वाचाच, पण कंपनीला जे काही येतं ते सगळं त्यात आहे असं समजू नका. मी पुण्याजवळच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून-दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, काम करतो आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. काय करायचं हे कागदावर राहतं, का करायचं हे मात्र माणसाबरोबर गेटबाहेर जातं. नॉलेज मॅनेजमेंट म्हटलं की सॉफ्टवेअर आणि पोर्टल डोळ्यांसमोर येतात. माझ्या लेखी त्यातलं निम्म्याहून जास्त काम म्हणजे हा 'का' धरून ठेवणं.

एका प्रेसवर डाय (पत्रा कापणारा साचा) बसवताना उजव्या मागच्या कोपऱ्याखाली पातळ शिम (धातूची पट्टी) टाकायची पद्धत होती. डाय बसवणारे आमचे जुने सेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ती न चुकता टाकायचे. मामा निवृत्त झाले. नव्या सेटरने सेटिंग शीट पाहिली, त्यात शिमचा उल्लेख नव्हता. त्याने बोल्स्टर, म्हणजे डाय जिच्यावर बसते ती प्रेसची जाड प्लेट, स्वच्छ पुसलं, शिम काढून ठेवली आणि शीटप्रमाणे डाय बसवली. ब्लँकच्या (कापलेल्या तुकड्याच्या) एकाच बाजूला बर (कडेला उरणारी धारदार कोर) यायला लागला. डाय ग्राइंडिंगला जाऊन आली, बर तसाच. गाइड पिलर (डायचे वरचे-खालचे भाग सरळ रेषेत ठेवणारे खांब) तपासले, पत्र्याचा लॉट बदलून पाहिला, तरी फरक नाही. शेवटी कुणीतरी मामांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "अरे, बोल्स्टर त्या कोपऱ्यात झिजलंय. शिम काढली का?"

कोपरा झिजलेला असल्यामुळे खालची डाय किंचित कलत होती. पंच (वरून दाबणारा भाग) आणि डायमधला क्लिअरन्स (फट) एका बाजूला वाढत होता, म्हणून तिथे बर. नव्या सेटरची यात काहीच चूक नव्हती, त्याने दिलेल्या कागदाप्रमाणेच काम केलं. कागदावर 'बोल्स्टर झिजलंय, रिसरफेसिंग होईपर्यंत शिम' एवढी एक ओळ असती तर रिजेक्शनची ट्रॉली भरली नसती. शिवाय बोल्स्टर पुन्हा सपाट करायला मशिनिंगला पाठवायचं राहिलंय हेही कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात होतं असं नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमात 'फॉगबँक' या सांकेतिक नावाचा एक पदार्थ १९७५ ते १९८९ या काळात बनवला जात होता. पुढे जुनी अस्त्रं दुरुस्त करायला तो पुन्हा लागला, तेव्हा प्लांट नव्याने उभारावा लागला. जुन्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि तो बनवणारी बहुतेक माणसं निवृत्त झाली होती. पदार्थ बनला, पण हवा तसा उतरेना. शोध घेतल्यावर कळलं की जुन्या प्रक्रियेत कच्च्या मालातून एक अशुद्धता यायची आणि तीच त्या पदार्थाला आवश्यक होती. नव्या प्लांटमध्ये शुद्धीकरण जास्त चांगलं होतं, म्हणून ती निघून जात होती. पूर्वी काम करणाऱ्यांनाही ती गोष्ट माहीत नव्हती! आमची शिम निदान मामांना तरी माहीत होती.

आता ट्रेनी म्हणून तुम्ही काय करू शकता? बरंच काही, कारण नवीन माणसाला प्रश्न विचारायची मुभा असते. पाच वर्षांनी तोच प्रश्न विचारायला संकोच वाटतो.

अनुभवी माणसाला "तुमचं नॉलेज सांगा" म्हटलं तर तो दोन वाक्यं बोलतो आणि गप्प बसतो. तो टाळत नसतो, हाताला येणारं तोंडाने सांगता येतंच असं नाही. जपानचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी याचं एक सुंदर उदाहरण दिलंय. १९८५ साली ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती ब्रेड मशीनवर काम चालू होतं. मशीनला कणीक नीट मळता येत नव्हती. तिथल्या इकुको तानाका या सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेल्या. शेजारी उभं राहून कणीक मळताना त्यांच्या लक्षात आलं की बेकर ती विशिष्ट पद्धतीने ओढून पिळतो. मग इंजिनिअरांबरोबर बसून मशीनच्या आत खास कंगोरे दिले गेले आणि ती क्रिया मशीनला जमली. नुसत्या मुलाखतीतून हे निघालं नसतं.

तेव्हा सेटरबरोबर उभे राहा, पाना हातात घ्या, आणि काम चालू असताना छोटे प्रश्न विचारा. "हा बोल्ट आधी का?" "आवाज बदलला म्हणजे नक्की काय झालं?" "हे असं नाही केलं तर काय होईल?" हा शेवटचा प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त देतो, कारण त्याचं उत्तर बहुतेकदा एखाद्या जुन्या ब्रेकडाऊनची गोष्ट असते.

लिहिताना लॉगबुकमध्ये 'सेन्सर बदलला, मशीन ओके' असं लिहून थांबू नका. लक्षण काय होतं, आधी कशावर संशय घेतला, तो का चुकीचा निघाला आणि खरं कारण काय, या चार गोष्टी लिहा. चुकीचा निघालेला संशय कुणीच लिहीत नाही, आणि रात्रीच्या शिफ्टचा माणूस नेमका तिथेच दोन तास घालवतो. त्याला ती एक ओळ सोन्यासारखी असते.

माणसं सांगत का नाहीत, हेही समजून घ्या. 'सांगितलं की आपली किंमत संपली' ही भीती खरी आहे, विशेषतः काँट्रॅक्टवरच्या कामगारांना. तिला नावं ठेवू नका. वन पॉइंट लेसन (एकाच मुद्द्याचा एक पानी धडा) तयार केलात तर त्यावर सांगणाऱ्याचं नाव घाला आणि डेली मीटिंगमध्ये त्यालाच ते समजावू द्या. माहिती दिल्याबद्दल बक्षीस म्हणून नुसते पॉइंट देण्यावर माझा विश्वास नाही. इन्फोसिसने ज्ञान वाटणाऱ्यांसाठी पॉइंटांची योजना आणली तेव्हा मजकुराचा ढीग झाला, पण दर्जा घसरला आणि योजना सुधारावी लागली. इतकी शिस्तीची कंपनी, तिलाही हे चुकलं नाही.

ऑडिटच्या बाजूनेही हे माहीत असू द्या. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम संस्थेच्या ज्ञानावरच आहे. प्रक्रिया चालवायला लागणारं ज्ञान ओळखा, जपा आणि लागेल तिथे उपलब्ध करा, अशी त्याची मागणी आहे. बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंग रेकॉर्ड दाखवून हे कलम निभावलं जातं. तुम्ही क्वालिटीत असाल तर इथे खरं काम करायला भरपूर जागा आहे.

त्यासाठी एचआरकडून येत्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी मागून घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच येत नाही असं काम लिहा. ज्यांच्यापुढे मोठी यादी होईल त्यांच्याबरोबर एक तरुण माणूस आत्तापासून जोडून द्या, असं तुमच्या मॅनेजरना सुचवा. मॅनपॉवर नाही, असं उत्तर आलं तर ब्रेकडाऊनचे तास समोर ठेवा. तासांचा हिशोब दाखवला की साहेब लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.