समुद्रात जाणारे प्लास्टिक व्यवसायाच्या दारातच कसे अडवावे

समुद्रात पोहोचणारे बहुतेक प्लास्टिक जमिनीवरून जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९२ किनारी देशांचा हिशेब मांडला होता. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेले असावे, असा अंदाज त्यातून निघाला. एवढा आकडा वाचला की आपल्या दुकानाचा, कारखान्याचा किंवा हॉटेलाचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. तो संबंध मागच्या दाराशी सापडतो. ट्रक उतरवताना उडालेली फिल्म, काठोकाठ भरून सांडणारा डबा, कचरा नेणाऱ्याने वाटेत टाकून दिलेला बिनकामाचा भाग, असे सगळे पहिल्या पावसात गटारात, तिथून नाल्यात आणि नदीत जाते. म्हणून कामाला सुरुवात तिथूनच करायची.

आधी काटा आणा

सलग दोन आठवडे व्यवसायातला प्लास्टिक कचरा वेगळा करून तोलायचा. एका आठवड्यावर भागवू नका, कारण महिनाअखेरीला माल जास्त हलतो आणि आकडे बदलतात. पाच डबे पुरतात: पारदर्शक फिल्म, रंगीत किंवा छापील फिल्म, बाटल्या, कडक प्लास्टिक आणि उरलेले. रिकाम्या डब्याचे वजन आधीच त्याच्यावर रंगाने लिहून ठेवा, म्हणजे रोज वजाबाकीत चूक होणार नाही. ओली फिल्म तोलू नका. तिच्या घड्यांत पाणी अडकते आणि वजन भलतेच वाढते.

दुसऱ्या बाजूला खरेदीची वही. किती किलो पॅकिंग विकत घेतले हे त्यात सापडते, पण पुरवठादाराच्या मालाबरोबर आलेले वेष्टन कुठल्याच बिलावर नसते. त्यासाठी आवक मालाच्या प्रत्येक प्रकारचे एक खोके उघडून आतले प्लास्टिक तोलावे आणि खोक्यांच्या संख्येने गुणावे. मग ताळा जुळवा: विकत घेतलेले अधिक मालाबरोबर आलेले, त्यातून ग्राहकाकडे गेलेले, कचऱ्यात दिलेले आणि गोदामात शिल्लक असलेले वजा करा. जी तफावत उरेल तिचा माग काढायचा. काही भाग मोजणीतल्या चुकीचा असेल, बाकीचे कुठल्या तरी दाराने बाहेर पडते आहे.

यादी तयार झाली की सगळ्यात जड वस्तू आधी कमी करायचा मोह होतो. समुद्राचा विचार केला तर क्रम वेगळा लागतो. पारदर्शक बाटलीला भंगारात भाव असतो, म्हणून कोणी ना कोणी ती उचलतो. छोटे पाऊच, स्ट्रॉ, फाडलेल्या वेष्टनाचे कोपरे, चिकटपट्टीचे तुकडे यांना कोणी विचारत नाही आणि वारा त्यांना सहज नेतो. छोटे, हलके, मळके आणि बिनभावाचे, ही चार लक्षणे जिथे एकत्र दिसतील ती वस्तू यादीत सगळ्यात वर घ्यावी.

स्ट्रेच फिल्म: सोपी बचत

गोदामात सगळ्यात जास्त प्लास्टिक बहुधा पॅलेटभोवती, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळीभोवती, ताणून गुंडाळलेल्या फिल्मचे निघते. हिशेब करून पाहा. १.२ मीटर × १ मीटरच्या पॅलेटचा घेर ४.४ मीटर. पंधरा वेढे म्हणजे ६६ मीटर. फिल्म अर्धा मीटर रुंद आणि २० मायक्रॉन जाड. हाताने गुंडाळताना ती २० टक्के ताणली जाते असे धरले, तर रोलमधून ५५ मीटर निघते आणि तिचे वजन सुमारे अर्धा किलो भरते. आधी ताण देणाऱ्या मशीनवर तीच फिल्म मूळ लांबीच्या तिप्पट होते. तेवढ्याच ६६ मीटरसाठी २२ मीटर पुरते, वजन सुमारे २०० ग्रॅम. रोज १०० पॅलेट निघत असतील तर दिवसाला ३० किलो प्लास्टिक वाचले.

मात्र कागदावरचा हा हिशेब जमिनीवर दोन ठिकाणी फसतो. तिप्पट ताणलेली फिल्म पातळ होते आणि खोक्याच्या टोकदार कोपऱ्यावर फाटते. मग कामगार वैतागून ताण कमी करतो आणि वेढे वाढवतो, म्हणजे बचत गेली. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या कोनपट्ट्या लावल्या की हे थांबते. दुसरे म्हणजे तळाशी फिल्म पॅलेटच्या लाकडाला धरून दोन-तीन वेढे घेतले नाहीत, तर वळणावर अख्खा माल एका बाजूला सरकतो. एकदा माल पडला की मशीन बदनाम होते आणि पुन्हा हाताने गुंडाळणे सुरू होते. म्हणून नवी पद्धत लावण्याआधी दहा पॅलेट खराब रस्त्याने फिरवून आणा आणि मगच वेढ्यांची संख्या ठरवा.

पर्याय निवडताना कुठे फसगत होते

‘कंपोस्ट होणारे’ असा शिक्का असलेल्या वस्तूंची चाचणी औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीत होते. तिथे तापमान ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखलेले असते. समुद्राचे पाणी थंड असते आणि तिथे हीच वस्तू दीर्घकाळ जशीच्या तशी तरंगू किंवा पडून राहू शकते. तुमचा कचरा अशा कंपोस्ट केंद्रात खरोखरच जात असेल तर ती घ्या, एरवी पैसे वाया. शिवाय पीएलएचा, म्हणजे पिकांपासून बनवलेल्या कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा, पारदर्शक पेला डोळ्यांना पीईटीसारखाच, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकसारखाच, दिसतो आणि पीईटीच्या गठ्ठ्यात मिसळून तो गठ्ठा खराब करतो.

‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ पिशव्या, म्हणजे लवकर विघटन व्हावे म्हणून प्लास्टिकमध्ये रसायन मिसळलेल्या पिशव्या, तर सरळ नाकाराव्यात. त्या नाहीशा होत नाहीत, त्यांचे बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाने अशा प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली आणि ती ३ जुलै २०२१ पासून लागू झाली. कागदी पेल्याच्या आतही बहुधा पॉलिथिलीनचा थर असतो, हेही ध्यानात असू द्या.

वेष्टन लागणारच असेल तर एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे घ्या. पीईटी, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिलीन एकमेकांवर चिकटवलेले पाऊच पुन्हा वेगळे करणे परवडत नाही, म्हणून ते कोणी घेत नाही. रिसायकलिंग केंद्रात तुकडे पाण्यात टाकून वेगळे करतात. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीईटी बुडते. त्यामुळे पीईटीच्या बाटलीला पॉलिप्रॉपिलीनचे झाकण चालते. पीव्हीसीचे लेबल चालत नाही, कारण ते पीईटीबरोबरच बुडते आणि पीईटी वितळण्याच्या उष्णतेला त्यातून आम्ल सुटून सगळा माल पिवळा पडतो. काळे ट्रेही टाळा. कार्बनच्या काळ्या रंगामुळे छाननी यंत्राचा अवरक्त प्रकाश शोषला जातो, यंत्राला ती वस्तू ओळखता येत नाही आणि चांगले प्लास्टिकही कचऱ्यात जाते. झाकणे सुटी पडून हरवतात म्हणून युरोपीय संघात ३ लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेय-बाटल्यांना जोडलेली झाकणे ३ जुलै २०२४ पासून सक्तीची आहेत. आपल्याकडे असा कायदा असो वा नसो, साचा बदलताना हे करून घेता येते.

परत येणारे क्रेट

एकदा वापरून फेकायच्या पॅकिंगऐवजी क्रेट आणायचे असतील तर आधी भागाकार करा. क्रेट १.८ किलोचा आणि तो वाचवतो ते पॅकिंग ९० ग्रॅमचे असेल, तर निव्वळ प्लास्टिकची भरपाई व्हायला २० फेऱ्या लागतात. दर फेरीला १०० पैकी ५ क्रेट हरवत असतील तर एका क्रेटचे सरासरी आयुष्य २० फेऱ्या. म्हणजे जेमतेम बरोबरी, आणि धुण्याचा व वाहतुकीचा खर्च वर. हरवण्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले की तेच आयुष्य ५० फेऱ्यांवर जाते. थोडक्यात, क्रेटची मजबुती हा दुय्यम प्रश्न आहे, खरा प्रश्न परतीचा. प्रत्येक क्रेटवर क्रमांक हवा, ग्राहकाकडून अनामत हवी, आणि माल उतरवून घेणाऱ्या चालकाच्या पावतीवर ‘दिले इतके, घेतले इतके’ असे दोन रकाने हवेत. हे रकाने नसले की क्रेट कोणाच्या तरी अंगणात पाणी साठवायला लागतात.

गटाराचे तोंड आणि प्लास्टिकचे दाणे

प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्यांनी, दाण्यांची वाहतूक किंवा साठवण करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. कच्चा माल म्हणून येणारा दाणा २ ते ५ मिलिमीटरचा असतो. वजन २५ मिलिग्रॅम धरले तर २५ किलोच्या एका पिशवीत दहा लाख दाणे असतात. फाटक्या पिशवीतून मूठभर सांडले तरी ते हजारांत मोजावे लागतात, आणि मासे व पक्षी ते खाद्य समजून गिळतात. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १,६८० टन दाणे होते आणि श्रीलंकेचा किनारा त्यांनी पांढरा झाला. पुढे २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने शिफारस केली की दाण्यांचे कंटेनर शक्यतो डेकखाली किंवा उघड्या डेकच्या आडोशाच्या भागात ठेवावेत. समुद्रमार्गे दाणे पाठवणाऱ्याने ही अट बुकिंगच्या वेळीच लेखी मागावी.

कारखान्यात मात्र गळती अशी नाट्यमय नसते. टँकरचा होज सोडताना जोडात उरलेले दाणे खाली पडतात, फोर्कलिफ्टचा काटा खालच्या पिशवीत घुसतो, पॅलेटचा वर आलेला खिळा पिशवी फाडतो, नमुना काढताना चमच्यातून दाणे उडतात. उपाय साधेच आहेत. होजच्या जोडाखाली ट्रे ठेवा आणि होज सोडण्याआधी रिकामा होऊ द्या. पॅलेट आणि पिशव्यांचा पहिला थर यांमध्ये पुठ्ठा घाला. काट्याची लांबी पॅलेटपेक्षा जास्त नको, नाहीतर टोक पलीकडच्या पिशवीत शिरते. प्रत्येक माल उतरवण्याच्या जागी झाडू, सुपली आणि बंद डबा हाताशी हवा. पन्नास पावले चालून झाडू आणावा लागला तर कोणी आणत नाही, हे लिहून ठेवा. आणि सांडलेले दाणे पाण्याच्या पाइपने कधीही धुऊ नका. फरशी लगेच स्वच्छ दिसते खरी, पण सगळे दाणे गटारात गेलेले असतात. कोरडे झाडा किंवा व्हॅक्यूमने ओढा.

शेवटचा पहारा पावसाच्या पाण्याच्या गटारावर. दाणे अडवायला १ मिलिमीटर छिद्रांची जाळी लागते. नुसती तेवढी बसवली तर पहिल्याच जोराच्या सरीत पाने, दोरे आणि चिखल तिच्यावर थापला जातो, आवारात घोटाभर पाणी साचते, ट्रक अडतो, आणि कोणीतरी पहारीने जाळी उचकटून बाजूला ठेवतो. तुंबलेले पाणी खळकन उतरते आणि महिनाभराचे दाणे त्याच्याबरोबर जातात. म्हणून जाळ्या दोन हव्यात: पुढे १० ते १५ मिलिमीटरची जाड जाळी, पाने-पिशव्यांसाठी, आणि मागे बारीक जाळी, तीही गटाराच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रफळाची, तिरकी बसवलेली. पावसाच्या दिवसांत रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा ती साफ करायची. साफ करणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहा. जाळीवर निघालेला ऐवज तोलून नोंदवा, कारण वजन अचानक वाढले तर वर कुठेतरी नवी गळती सुरू झाली आहे.

दाण्यांशी संबंध नसलेल्या दुकानालाही जाड जाळी आणि झाकणाचा डबा लागतोच. डबा पाऊण भरला की रिकामा करायचा. लॉन्ड्री चालवणाऱ्यांनी कृत्रिम कपड्यांचे तंतू पकडणारी गाळणी मशीनच्या सांडपाण्यावर बसवावी, आणि गाळणी नळाखाली धुऊ नये. पकडलेले तंतू पुन्हा सांडपाण्यातच सोडायचे असतील तर गाळणी बसवलीच कशाला?

कचरा कोणाच्या हाती देता

डबा रिकामा झाला म्हणजे जबाबदारी संपली, हा सगळ्यात महागात पडणारा समज. भंगार घेणारा स्वच्छ फिल्म आणि बाटल्या काढून घेतो, मळके पाऊच आणि चिकटपट्ट्या त्याला फुकटही नको असतात. त्या कुठे जातात हे विचारा, आणि त्या योग्य जागी पोहोचवण्याचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. न दिल्यास तो भाग नाल्याकाठी दिसतो. दर खेपेला वजनाची पावती घ्या, ज्या केंद्रात माल जातो त्या केंद्राची पोचही मागा. दोन्ही वजनांत दर वेळी मोठा फरक दिसला, तर गाडीमागे एकदा स्वतः जाऊन पाहा. खाद्यपदार्थ लागलेली फिल्म वेगळी ठेवा. तेलकट पिशव्यांच्या एका डब्यामुळे अख्खा गठ्ठा परत येतो.

जाहिरातीत काय लिहावे

‘समुद्राकडे जाणारे प्लास्टिक’ वापरून बनवले असे लिहिलेला माल घेताना शब्द नीट वाचा. त्याचा अर्थ बहुधा किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत जमिनीवर गोळा केलेले प्लास्टिक असा असतो. ते समुद्रातून काढलेले नसते. ते काम चांगलेच आहे, फक्त ग्राहकाला वेगळे काही सांगू नका. ‘पर्यावरणस्नेही’सारखे मोघम दावे करू नयेत असे पर्यावरणविषयक दाव्यांसाठीचे आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्याऐवजी तोललेला आकडा छापा: गेल्या वर्षी एका पॅलेटला ५०० ग्रॅम फिल्म लागत होती, यंदा २१० ग्रॅम लागते. किनारा सफाईला कर्मचारी नेणार असाल तर पोत्यांची संख्या मोजून थांबू नका, वस्तूंचे प्रकार लिहून घ्या. त्यात आपल्याच मालाचे वेष्टन सापडले तर ते कोऱ्या पाकिटात घालून खरेदी विभागाच्या टेबलावर ठेवा आणि पुढच्या ऑर्डरच्या आधी त्याचा निकाल लावा.