हतनूरच्या काठावर पक्ष्यांचं जेवण कसं पाहावं

पक्ष्यांची नावं येत नाहीत म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या, तापीवरच्या हतनूर धरणावर जायचं टाळू नका. नाव मागाहून कळलं तरी चालतं. आधी बघायची ती चोच, पाय आणि तो किती पाण्यात उभा आहे ते. तेवढ्यावरून तो काय शोधतोय याचा बराच अंदाज येतो.

दिवस निवडा जानेवारी ते मार्चमधले. हतनूरचं पाणी मागे सरकत जातं, गाळपेराच्या, म्हणजे ओसरल्या पाण्यामागे गाळात केलेल्या पेरणीच्या, पुढे ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते आणि अळ्या, किडे, गोगलगायी तिथे हाताशी येतात. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकडे जा, जळगावकरांना मेहरुण तलावही जवळ आहे. उजाडता उजाडता पोचा, सूर्य पाठीशी घ्या आणि एके जागी बसा. कळण्याची भाकरी सोबत असू द्या, कारण तासभर तरी उठायचं नाही. एकदा फोटोसाठी मी चार पावलं पुढे गेलो आणि अख्खा थवा उडाला. ती सगळी पाखरं चरत होती, त्यांचं खाणं मी मोडलं, याचं अजून वाईट वाटतं.

नजर काठापासून आत न्या. कोरड्या-ओल्या चिखलावर कंठेरी चिखल्या दिसेल. डोळे मोठे, चोच आखूड. चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो. त्याचं सगळं काम डोळ्यांवर चालतं. गवताच्या कडेला पाणलावा असेल तर त्याचं उलट: लांब सरळ चोच चिखलात मुळापर्यंत खुपसतो. त्या चोचीचं टोक मऊ असतं, स्पर्शानं अळी ओळखतं आणि बाकीची चोच मिटलेली असताना एकटं उघडू शकतं. पाणलावा दिसायला फार कठीण; नाही दिसला तर पुढे चला.

उथळ पाण्यात गुलाबी काटक्यांवर चालल्यासारखा शेकाट्या. त्याचा गुडघा मागे वळतो असं वाटतं, पण तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. त्याच्या पलीकडे चमचा नावाचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवीकडे फिरवत जातो. गढूळ पाणी त्याला अडवत नाही, कारण भक्ष्य चोचीला लागलं की ती मिटते.

मुग्धबलाक या करकोच्याला मात्र भरपूर वेळ द्या. चोच मिटली तरी मधे फट राहते. पिल्लांना ही फट नसते, वाढता वाढता येते. तो गोगलगाय पकडतो, खालच्या चोचीचं टोक शंखाच्या झाकणाआड सरकवतो, आतला स्नायू कापतो आणि मऊ जीव ओढून काढतो. तो गेल्यावर त्या जागी रिकामे शंख शोधा. पुष्कळदा ते जवळजवळ अखंड असतात. असा एक मी तळहातावर घेऊन पाहिला: तोंडाशी चिखल, आत काही नाही, आणि कवचावर साधा तडाही नाही.

निघण्याआधी ढोकरी शोधा. मातकट पाठ, मान खांद्यांत ओढलेली, हालचाल शून्य. घड्याळ लावून तिच्याकडे बघत राहा. बेडकानं किंवा मासोळीनं पाणी हलवलं की ती दुमडलेली मान एकदम सुटते. पंख पसरले की पांढरे दिसतात, तेव्हा कळतं की इतका वेळ ती समोरच होती.