पक्षाघातानंतर रुग्ण किती सुधारेल? पूर्वानुमानाचा अभ्यास नाशिक परिसरात कसा आखावा

पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की दोन-तीन दिवसांत नातेवाईक एकच प्रश्न विचारू लागतात: हात पुन्हा चालेल का, आणि माणूस आपल्या पायाने घरात हिंडू लागेल का? या प्रश्नाचे मोजमापावर आधारलेले उत्तर शोधणे हा पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम विषय आहे. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, पाठवण्याच्या तयारीत असलेल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. असे अभ्यास संख्याशास्त्रामुळे क्वचितच फसतात. बहुतेक वेळा ते नव्वदाव्या दिवशी रुग्ण न सापडल्यामुळे फसतात. त्यामुळे आखणीतला सर्वाधिक वेळ तिथेच द्यावा.

सर्वप्रथम प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘पक्षाघाताच्या रुग्णांमधील सुधारणेचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘पहिल्यांदाच इस्केमिक (मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून होणारा) पक्षाघात झालेल्या प्रौढ रुग्णाच्या तिसऱ्या दिवशीच्या तपासणीवरून तो नव्वदाव्या दिवशी स्वावलंबी असेल का, हे सांगता येते का’ हा प्रश्न आहे, कारण त्यात कोणाचे, कशावरून, कशाचे आणि केव्हाचे भाकीत करायचे ते ठरलेले आहे. दिवस मोजायचे ते लक्षणे सुरू झाल्यापासून, दाखल झाल्यापासून नव्हे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील रुग्ण आधी गावातले उपचार, मग ग्रामीण रुग्णालय असे करत उशिरा पोहोचू शकतो, आणि त्याचा दाखल होण्याचा पहिला दिवस हा आजाराचा तिसरा दिवस असू शकतो. लक्षणे झोपेतून उठल्यावर दिसली असतील, तर रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा दिसला होता ती वेळ केसपेपरवर लिहावी.

सुरुवातीच्या नोंदी मोजक्या, पण प्रत्येकाच्या आणि एकाच दिवशी घ्याव्यात: वय, पूर्वीचे स्वावलंबन, मधुमेह, पक्षाघाताची तीव्रता मोजणारी ० ते ४२ गुणांची एनआयएचएसएस ही मोजपट्टी, आणि हातासाठी दोन साध्या हालचाली. या दोन हालचालींचे महत्त्व फार आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात ज्या रुग्णांना ७२ तासांच्या आत खांदा बाजूला उचलणे आणि बोटे सरळ करणे थोडेफार जमत होते, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही प्रमाणात कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना या दोन्ही हालचाली जमत नव्हत्या, त्यांच्यात ती २५ टक्के होती. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दोन्ही हालचालींच्या स्नायूंची ताकद ० ते ५ या नेहमीच्या श्रेणीत मोजून बेरीज केली की १० पैकी गुण मिळतात, आणि ऑकलंडमध्ये विकसित झालेल्या, हाताच्या सुधारणेचे भाकीत करणाऱ्या प्रेप-२ या पद्धतीची पहिली पायरी हीच बेरीज आहे. ही तपासणी शक्यतो एकाच प्रशिक्षित व्यक्तीने करावी. दोघे करणार असतील, तर आधी काही रुग्ण दोघांनी स्वतंत्रपणे तपासून गुण जुळतात का ते पाहावे.

परिणाम मोजण्यासाठी मॉडिफाइड रँकिन स्केल ही परावलंबन मोजणारी मोजपट्टी वापरावी. त्यात ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. ० ते २ हे गुण सामान्यतः स्वावलंबन मानले जातात. नव्वद दिवसांच्या आत दगावलेल्या रुग्णाला अभ्यासातून वगळायचे नसते. त्याचे ६ गुण हाच त्याचा परिणाम असतो. दैनंदिन कामांसाठी ० ते १०० गुणांचा बार्थेल इंडेक्स जोडता येतो, परंतु आपल्याकडच्या घरात तो लावताना विचार करावा लागतो. त्यातला एक प्रश्न पलंगावरून खुर्चीत बसण्याचा आहे, आणि दुसरा जिना चढण्याचा. ज्या घरात रुग्ण जमिनीवर अंथरुणावर झोपतो, पाटावर किंवा मांडी घालून जेवतो आणि उकिडवे बसण्याच्या शौचालयात जातो, तिथे ‘खुर्चीत बसता येते का’ या प्रश्नाला घरचे लोक अंदाजाने उत्तर देतात. मूळ मोजपट्टीचे शब्द किंवा गुण आपल्या मनाने बदलू नयेत, नाहीतर इतर अभ्यासांशी तुलनाच करता येणार नाही. त्याऐवजी जमिनीवरून आधाराशिवाय उठता येते का आणि उकिडवे बसून उठता येते का, हे दोन प्रश्न वेगळे विचारून वेगळे नोंदवावेत. माझ्या मते घरी परतलेल्या माणसाच्या दृष्टीने हे दोन प्रश्न कित्येकदा एकूण गुणांपेक्षा मोलाचे ठरतात.

आता पाठपुरावा. एकच मोबाइल क्रमांक घेऊन भागत नाही. रुग्णाचा, सोबत राहणाऱ्याचा आणि शेजाऱ्याचा किंवा गावातल्या आशाताईंचा क्रमांक संमती घेऊनच नोंदवावा, आणि डिस्चार्जच्या आधी तिन्हींवर फोन लावून पाहावा. नव्वदावा दिवस कोणत्या महिन्यात येतो तेही त्याच वेळी पाहावे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामासाठी डोंगराळ तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि हंगाम संपल्यावर परततात, त्यामुळे केसपेपरवरचा पत्ता तीन महिन्यांनी खरा असेलच असे नाही. ‘जानेवारीत तुम्ही कुठे असाल?’ हा साधा प्रश्न फॉर्ममध्ये असावा. जे प्रत्यक्ष येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी रँकिन स्केल ठरावीक प्रश्नावलीने फोनवर विचारता येतो. हा फोन करणाऱ्याला रुग्णाचे तिसऱ्या दिवसाचे गुण माहीत नसावेत, कारण ते माहीत असले की उत्तर नकळत अपेक्षेकडे झुकते. त्याच कारणाने हे गुण पाहून कोणाची फिजिओथेरपी कमी होत नाही ना, यावरही लक्ष ठेवावे. तसे झाले तर भाकीत स्वतःलाच खरे ठरवते.

जे सापडत नाहीत ते सापडलेल्यांसारखे असतात, असे गृहीत धरू नये. बरे झालेला मजूर कामावर गेलेला असतो आणि फार खालावलेल्या रुग्णाला आणायला घरात माणूस नसतो. ओपीडीत स्वतःहून येतात ते बहुधा मधले. केवळ त्यांच्यावर काढलेला निष्कर्ष दोन्ही टोकांच्या रुग्णांना चुकीचा लागू होतो. हाच धोका संमतीच्या वेळीही असतो. वाचा गेलेला रुग्ण सही करू शकत नाही म्हणून त्याला वगळले, तर डाव्या मेंदूचे मोठे पक्षाघात अभ्यासातून गळतात. अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेता येते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा निःपक्ष साक्षीदारासमोर घेता येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या दोन्हींची तरतूद आहे. नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या रुग्णाच्या आधी लागते. निरीक्षणात्मक अभ्यासाची नोंदणीही सीटीआरआय या वैद्यकीय अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करता येते, आणि तीही रुग्ण घेण्याआधीच करावी.

नमुन्याचा आकार ठरवताना एकूण रुग्ण मोजून फसगत होते. समजा १०० रुग्ण घेतले आणि त्यांतले ३० स्वावलंबी झाले नाहीत, तर मॉडेलला, म्हणजे भाकीत करणाऱ्या सूत्राला, खरा आधार त्या ३० जणांचाच असतो. भाकितासाठी वापरलेल्या एका घटकामागे (वय, मधुमेह वगैरे) किमान १० घटना, म्हणजे इथे स्वावलंबी न झालेले रुग्ण, हा जुना ठोकताळा लावला तरी तीनच घटक बसतात, आणि अलीकडच्या पद्धती बहुधा त्याहून अधिक रुग्ण मागतात. म्हणून घटक आधीच्या ज्ञानावरून निवडावेत. वीस घटक घेऊन ज्यांची पी-व्हॅल्यू कमी आली, म्हणजे ज्यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, तेवढे ठेवणे टाळावे. वयाचे ‘साठच्या वर’ आणि ‘साठच्या खाली’ असे दोन गटही पाडू नयेत. मध्यकावर (मधोमध येणाऱ्या मूल्यावर) असे तुकडे केले की जवळपास एक तृतीयांश रुग्ण फेकून दिल्याइतकी ताकद कमी होते.

मॉडेल तयार झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. सुधारणारा आणि न सुधारणारा रुग्ण त्याला वेगळे ओळखता येतात का, हे सी-स्टॅटिस्टिक सांगते, ०.५ म्हणजे नाणेफेक. दुसरी तपासणी प्रबंधांतून फार वेळा राहून जाते: ज्यांना ७० टक्के शक्यता सांगितली, त्यांतले खरोखर सुमारे ७० टक्के सुधारले का? नातेवाइकांना आपण सांगणार तो आकडा हाच असल्याने ही तपासणी आलेखासह द्यावी. लहान नमुन्याचे दोन भाग करून एकावर मॉडेल बसवणे आणि दुसऱ्यावर तपासणे यापेक्षा बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच रुग्णांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासणे, बरे. लेखन ट्रायपॉड+एआय या २०२४ च्या सूचीनुसार करावे (अशा मॉडेलच्या अहवालात काय काय लिहावे, याची ही यादी २०१५ च्या ट्रायपॉड सूचीच्या जागी आली आहे), आणि किती रुग्ण नव्वदाव्या दिवशी सापडले नाहीत, त्यांचे तिसऱ्या दिवसाचे गुण काय होते, हे पहिल्याच तक्त्यात लिहावे. मॉडेल दुसऱ्या रुग्णालयातील, उदाहरणार्थ मालेगावच्या, रुग्णांवर तपासले जाईपर्यंत वॉर्डात त्यावरून कोणाचेही उपचार ठरवू नयेत.